ॲना चारवरचं प्यादं

"ताई, आजचा डाव मला सोडा," मी म्हणाले.

नळाचं पाणी चालूच होतं. विमलताईंनी आधी हात धुतले, मग चूळ भरली, मग नळ घट्ट पिळून बंद केला. त्यांचं सगळं असंच, एका वेळी एक. इकडे माझा जीव वरखाली होत होता.

"काय म्हणालीस?"

"सोडा म्हणाले. तुम्ही नऊ वेळा राज्याच्या संघातून खेळलात. दहाव्यांदा नाही गेलात तर काय बिघडणार आहे? तुम्हाला नोकरी आहे, घर आहे, यजमान आहेत. मला काय आहे?"

"कौसल्या, तू जेवलीस का?"

"जेवणाचं काय मधेच!"

"उपाशी पोटी माणूस काहीही बरळतं, म्हणून विचारलं." त्या पदराला हात पुसत होत्या. "हे बघ. पटावर बसलं की मी कुणाची ताई नाही आणि तू कुणी बिचारी नाहीस. आज मी डाव सोडला, तर उद्या तू जिंकलेला एकही डाव तुला तुझा वाटणार नाही. मी नाही तुझं असं करणार. जागा हवी ना तुला? मग माझ्या हातातून काढून घे."

काठी टेकत त्या निघून गेल्या. मला असा संताप आला म्हणून सांगू! बोलायला काय जातं, पोट भरलेल्या माणसाला सगळं सुचतं, असं मी मोठ्यानं म्हणालेसुद्धा. त्यांनी ऐकलं असणार. आमच्यात कुणाच्या पाठीमागे बोलायची सोयच नसते.

हे सत्त्याण्णव सालचं, सांगलीतलं. तिथल्या अंधशाळेत अंध खेळाडूंची निवड स्पर्धा होती. महिला संघातली एकच जागा उरली होती आणि तिच्यासाठी आम्ही दोघी सारख्याच गुणांवर येऊन अडकलो होतो. म्हणून दहा-दहा मिनिटांचा एक झटपट डाव. जी जिंकेल ती संघात.

विमलताई नाडगौडा माझ्याहून चौदा वर्षांनी मोठ्या. मी बारा वर्षांची असताना त्यांनीच मला मांडीशी बसवून बुद्धिबळ शिकवलं. माझं बोट धरून पटाच्या भोकांवरून फिरवायच्या आणि म्हणायच्या, "हे घर काळं, कारण उंच लागतंय. हे पांढरं, कारण खोल लागतंय. आता सांग, तू कुठं आहेस?" मी घर बरोबर सांगितलं की खडीसाखर. चुकलं की डोक्यात टपली. टपल्याच जास्त खाल्ल्या मी.

आणि माझी गत काय होती ते सांगते. पुण्यात एका दवाखान्यात मी टेलिफोन ऑपरेटर होते. तिथे नवीन यंत्र आलं. लोक आपापले आकडे दाबायला लागले आणि मला म्हणाले, उद्यापासून येऊ नका. आमच्या वसतिगृहाचा नियम असा की तिथे राहायचं तर शिकणारी पाहिजे, नोकरी करणारी पाहिजे, नाहीतर राज्याच्या संघातली खेळाडू पाहिजे. संघातलीला वर्षभर राहू द्यायचे. तिथल्या बाईंनी मला सांगून टाकलं होतं, "संघाचं पत्र आण, नाहीतर खोली सोड." एवढंच नाही, करमाळ्याला माझ्या भावाला कळवलंही. दादा माझी वळकटी घेऊन थेट सांगलीतच हजर झाला होता. डाव हरले की तिथूनच संध्याकाळच्या एसटीनं मला गावी न्यायचं.

दादा वाईट नाही हो. वहिनीही नाही. शाळा संपल्यावर मी आठ महिने त्यांच्याकडे राहिले, एका शब्दानं कुणी दुखावलं नाही. वहिनीनं माझ्या खोलीपासून न्हाणीपर्यंत एक दोरी बांधून दिली होती. ती धरून जायचं, ती धरून यायचं. बाहेर पडते म्हटलं की, "कशाला वन्सं? पडला-बिडला तर गावात आमचं नाव." पाहुणे आले की आतून कडी. आठ महिने मी ती दोरी धरून चालले. तिच्यात किती गाठी आहेत ते मला अजून पाठ आहे, सतरा. पुण्याला पळून आले तेव्हा कुणाला न सांगता, भाजीच्या टेम्पोत बसून आले होते. पुन्हा त्या खोलीत गेले तर बाहेर पडणं नाही हे मला पक्कं माहीत होतं. आणि विमलताईंनाही माहीत होतं, मीच एकदा रडत रडत सांगितलं होतं. तरी म्हणाल्या, हातातून काढून घे.

चार वाजता आम्ही समोरासमोर बसलो. चपला दाराशी काढलेल्या, पायाखाली सतरंजी. शेजारच्या वर्गात तबल्याचा तास चालू होता, पंधरावीस पोरं एकदम बडवत होती.

आमच्या खेळाची रीत सांगायला हवी. पट एक नसतो, दोन असतात. जिचा तिचा पट जिच्या तिच्या पुढ्यात. प्रत्येक घराला भोक, प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी. काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक असतं, पांढऱ्यांचं डोकं गुळगुळीत. बोट लावलं की कळतं कोण आपलं, कोण परकं. उभ्या पट्ट्यांना नावं आहेत, ॲना, बेला, सीझर अशी पार हेक्टरपर्यंत. जगभर हीच. मी चाल तोंडानं सांगायची, समोरचीनं ती परत म्हणायची आणि आपल्याही पटावर करायची. मग घड्याळ दाबायचं. त्या घड्याळाला काच नसते, काटे चाचपता येतात.

"काही शंका?" पंच गुळवणी सरांनी विचारलं. ते डोळस, शाळेतलेच निवृत्त शिक्षक. "नाही? मग पांढरी कौसल्या. सुरू करा."

"एव्हा चार," मी म्हणाले.

"एव्हा चार," विमलताई म्हणाल्या. "सीझर पाच."

"सीझर पाच."

पहिली पाच मिनिटं मी बरी खेळले. मग घाई नडली. मी एका घोड्याच्या लोभात पडले आणि हत्ती गमावून बसले. चाल परत म्हणताना विमलताई अर्धा क्षण थांबल्या, तेवढ्यावरून मला कळलं की गेलं.

मागून दादा खाकरला. तो बाकावर बसला होता, तंबाखूचा वास इथवर येत होता.

"कौसे, सहाची गाडी हाय बरं का," तो म्हणाला.

"अहो, डाव चालू आहे, बोलायचं नाही," गुळवणी सर त्याच्यावर ओरडले.

मी घड्याळाला हात लावला. माझं सव्वा मिनिट उरलं होतं, त्यांची तीन मिनिटं. माझ्याकडे राजा, घोडा आणि चार प्यादी. त्यांच्याकडे राजा, हत्ती आणि चार प्यादी, आणि हत्तीला वाट मोकळी करायला त्या टपलेल्या. हरलेला डाव होता. कुणालाही कळलं असतं. पण मी चाली सांगतच राहिले, कारण थांबले की वळकटी उचलायची होती.

पटाच्या डाव्या कोपऱ्यात मारामारी लागली. "प्यादं बेला पाच, मारलं." "बेला पाच, मारलं. प्यादं बेला पाच, मारलं." "बेला पाच, मारलं. घोडा बेला पाच, मारलं." "बेला पाच, मारलं. हत्ती ॲना आठ." तीन मोहरी पटापट गेली. दोघींचे हात त्या कोपऱ्यात मोहरी उपटत होते आणि मधल्या टोपलीत टाकत होते. विमलताईंच्या हातात दोन-दोन जाड पाटल्या, त्या पटावर खडखडत होत्या.

आणि माझ्या पायाला काहीतरी लागलं.

उजव्या पायाच्या अंगठ्याला. लाकडी, बारीक, अजून हलत असलेलं. मी अंगठा त्यावर ठेवला. डोकं गुळगुळीत, खाली खुंटी. पांढरं प्यादं.

मी डाव्या हातानं माझा पट चाचपला. माझं सगळं जागच्या जागी होतं. ॲना चारवरचं प्यादंसुद्धा, जे मी सुरुवातीलाच पुढे ढकलून विसरून गेले होते. म्हणजे हे त्यांच्या पटावरचं. मोहरी उपटताना पाटलीत अडकून निसटलं असणार. सतरंजीवर पडलं, त्यातून शेजारचा तबला, आवाज कसला येतोय!

नियम साधा आहे. मोहरं पडल्याचं कळलं की घड्याळ थांबवायचं आणि पंचांना सांगायचं. शंभर वेळा मी हे केलं होतं. शंभर वेळा माझ्यासाठी इतरांनी केलं होतं. आम्ही एकमेकींचे पट बघू शकत नाही, तेव्हा समोरचीच्या शब्दावर विश्वास ठेवल्याशिवाय आमचा खेळ उभाच राहत नाही.

मी तोंड उघडलं. आणि म्हणाले, "राजा गुस्ताव दोन."

"राजा गुस्ताव दोन," विमलताई म्हणाल्या.

त्यांची बोटं त्यांच्या पटावर सरसर फिरली. ती ॲनाच्या पट्टीवरून खाली गेली आणि पुन्हा वर आली. मी श्वास धरून ऐकत होते. डोकं सांगत असणार, इथे काहीतरी होतं. बोटं सांगत होती, काही नाही. आत्ताच तर त्या कोपऱ्यात तीन मोहरी मेली, त्यात तेही गेलं असेल. डोकं एक म्हणालं आणि बोटं दुसरं म्हणाली की आम्ही बोटांचं ऐकतो. तशीच सवय असते आमची.

"हत्ती ॲना दोन, शह," त्या म्हणाल्या, आणि घड्याळ दाबलं.

त्यांचा हत्ती ॲना आठवर होता. तिथून ॲना दोनला यायचं तर माझ्या प्याद्यावरून उडी मारावी लागणार. हत्तीला उडी नाही. झटपट डावात अशी अशक्य चाल करून घड्याळ दाबलं की डाव तिथेच गेला. हा नियमही मला विमलताईंनीच शिकवला होता.

माझा पाय आपोआप पुढे झाला. आख्खा तळवा मी त्या प्याद्यावर ठेवला. खुंटी टाचेच्या अलीकडे रुतली.

"सर," मी हात वर केला. "चाल चुकीची आहे."

घड्याळ थांबलं. गुळवणी सर आले. त्यांनी माझा पट पाहिला, मग विमलताईंचा.

"विमलताई, ॲना चारवर कौसल्याचं प्यादं आहे. तुमच्या पटावर नाही."

"नाही? असं कसं?" त्यांनी चाचपलं. मग अगदी हळू म्हणाल्या, "अगंबाई. होतं. होतंच ते. मग पडलं असणार, सर. माझ्या हातून निसटलं असणार."

"कधी?"

"ते मला कळलं असतं तर मी अशी चाल केली असती का?"

सरांनी टोपलीतली मोहरी मोजली. दोन्ही पटांची मेलेली मोहरी एकत्र, त्यात आधीच्या फेरीतली दोन-चार राहिलेली. काही ताळमेळ लागेना.

"पंचाईत आहे," सर म्हणाले. "निसटलं असेल तर पट दुरुस्त करून डाव पुढे चालू करू. पण मेलं समजून तुम्ही स्वतःच टोपलीत टाकलं असेल, तर ती तुमची चूक, डाव गेला. कौसल्या, तुला काही पडल्याचा आवाज आला का?"

तबला एकदम थांबला. त्यांचा तास संपला असावा. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की मागे दादाचा बाक कुरकुरला तेही ऐकू आलं.

"हिला विचारा," विमलताई म्हणाल्या. "हिचे कान म्हणजे कान आहेत. टाचणी पडली तरी कुठं पडली ते सांगेल ही. ही म्हणाली नाही, तर नाही."

त्या मनापासून म्हणाल्या हो. टोमणा नव्हता. मी त्यांचा आवाज पंधरा वर्षं ओळखत होते.

"नाही सर," मी म्हणाले. "आवाज नाही आला."

पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत होते की मी खोटं बोलले नाही. आवाज खरंच आला नव्हता. पायाला लागलं होतं, आणि पायाचं मला कुणी विचारलं नव्हतं. काय काय युक्त्या असतात माणसाकडे!

सरांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. मी साडी नेसले होते, निऱ्या पावलांवर आलेल्या.

"इथे काही दिसत नाही," ते म्हणाले.

"मला बघू द्या," विमलताई म्हणाल्या.

"अहो, मी पाहिलं की."

"तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत सर. सतरंजीला सुरकुत्या असतात."

त्यांची खुर्ची मागे सरकली. गुडघे टेकताना त्या कण्हल्या, गुडघेदुखी होती त्यांना. मग त्यांचे तळहात सतरंजीवरून फिरू लागले. सर्र, सर्र, एकेका पट्ट्यातून, कुठलीही जागा न सोडता.

"ताई, राहू द्या ना," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "तुमचे गुडघे..."

"असू दे गं."

हात टेबलाच्या पायाशी गेला. तिथून माझ्या पिशवीशी. तिथून माझ्या डाव्या पावलाशी. तो पावलावरून ओझरता फिरला आणि पुढे सरकला. मला तेव्हा उठून पळावंसं वाटत होतं. देवा, आता यांचा हात थांबव, आयुष्यात दुसरं काही मागणार नाही, असं मी मनात म्हणत होते. खुंटी इतकी रुतली होती की तळव्याला ओलसर लागत होतं.

मग त्यांची बोटं माझ्या उजव्या पावलावर आली आणि थांबली.

मला खडीसाखर देणारी बोटं ती. माझ्या गुरूचे हात माझ्या पायावर होते, आणि मी पाय काढून घेतला नाही. घ्यायला हवा होता. निदान तेवढ्यासाठी तरी. आपल्यात कुणा मोठ्या माणसाचा चुकून हात लागला तरी आपण झटकन पाय मागे घेतो. मी तो दाबून धरला.

बोटं पावलाच्या कडेनं खाली गेली. पाऊल सपाट टेकलेलं नाही, मधून उचललेलं आहे, हे त्यांना कळलं. मग तळव्याखालून बाहेर आलेलं ते गुळगुळीत डोकं त्यांच्या बोटाला लागलं. मला कळलं, कारण त्यांनी ते किंचित फिरवलं आणि खुंटी माझ्या तळव्यात फिरली.

"विमलताई, सापडलं का?" वरून सरांनी विचारलं. "नसेल तर मी निकाल लिहितो."

"सर, लवकर करा की जरा," मागून दादा म्हणाला. "आम्हाला गाडी हाय."

"ताई," मी म्हणाले. ओठांतल्या ओठांत. त्यांना ऐकू गेलं असणार.

त्यांचा हात तसाच होता. किती वेळ ते सांगता येणार नाही. तळहात गार पडला होता.

"नाही सर," त्या खालूनच म्हणाल्या. "काही नाही इथे. लिहा."

आणि त्यांनी हात काढून घेतला. उठताना एरवी त्या जवळ जे असेल त्याच्या खांद्याला धरायच्या, आणि जवळ मीच होते. त्यांनी टेबलाची कड धरली. दोनदा प्रयत्न करावा लागला.

"अभिनंदन, कौसल्या," त्या म्हणाल्या आणि हात पुढे केला. मी तो हातात घेतला. मला त्यांच्या गळ्यात पडून ओरडून रडायचं होतं आणि सगळं सांगून टाकायचं होतं. मी म्हणाले, "थँक्यू ताई."

मला वर्ष मिळालं. त्या वर्षात एका कारखान्यात पक्की नोकरी लागली. पुढे लग्न झालं, स्वतःचं घर झालं, त्या घराची किल्ली आज माझ्या कमरेला आहे. गावी जाते ती दोन दिवसांची पाहुणी म्हणून. त्या प्याद्याशिवाय यातलं काहीही झालं नसतं, आणि आजही मला ती दोरी दाखवली तर मी पुन्हा काय करीन ते छातीठोकपणे सांगता येत नाही. याची मला लाज वाटते.

विमलताई त्यानंतर चौदा वर्षं होत्या. माझ्या लग्नाला आल्या, माझ्या मुलीच्या बारशाला आल्या. फोन करायच्या, लोणच्याच्या बरण्या पाठवायच्या, आणि त्या दिवसाचा एक शब्दसुद्धा त्यांनी कधी काढला नाही, मला नाही आणि दुसऱ्या कुणाला नाही. घरी आल्या की मी दर वेळी पटाची पेटी घेऊन जवळ बसायचे.

"मांडू का ताई? एकच डाव."

"आज नको गं," त्या म्हणायच्या. "बोटं दुखतात माझी."

आणि त्याच बोटांनी त्या माझ्या मुलीची वेणी घालत बसायच्या.